डोंगरातली जागा

"एवढा जाड स्वेटर कशाला?" व्यंकटरावांनी पलंगावरचा स्वेटर उचलून विचारलं.

"तिकडं लय थंडी असते म्हणे. कांगड्याच्या वरचा डोंगर हाय तो. सकाळी नळातलं पाणीसुद्धा गोठतं." सुमंगलाबाईंनी स्वेटर त्यांच्या हातातून घेतला, घडी घातली आणि बॅगेत ठेवला.

व्यंकटरावांनी पेपर उघडला, पण लक्ष बॅगेकडंच होतं. कानटोपी, लोकरीचे मोजे, टॉर्च, खोकल्याचं औषध. जिंतूरच्या या घरात बॅग भरली जायची ती व्यंकटरावांची. ऑफिसचं ट्रेनिंग असो की मित्रांबरोबर तिरुपती, सुमंगलाबाई बॅग भरून द्यायच्या आणि दारात उभ्या राहायच्या. आज त्या स्वतःसाठी भरत होत्या. आणि भरता भरता गुणगुणत होत्या.

ते गुणगुणणं व्यंकटरावांना जास्त लागलं.

बायकोचं कुणी कौतुक केलं की त्यांच्या पोटात दुखायचं, ही आजची गोष्ट नव्हती. भजनी मंडळानं सुमंगलाबाईंना शाल दिली, तेव्हा ते आठवडाभर धड जेवले नव्हते. लेक मैत्रेयी शाळेतून आली की आधी आईला हाक मारायची, तेही त्यांना खुपायचं. पुढं मैत्रेयीनं नांदेडला स्वतःच्या मनानं परजातीत लग्न केलं. मी घरात असेपर्यंत तिनं या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी बजावलं. सुमंगलाबाईंनी तेव्हाही वाद घातला नव्हता. भाजी निवडत बसल्या होत्या.

"त्या ध्यानाच्या शिबिरात करतात तरी काय?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. मौन पाळायचं, डोळे मिटून बसायचं. फोनसुद्धा जमा करून घेतात."

"मग त्यातून मिळतं काय?"

"ते गेल्यावरच कळंल की," सुमंगलाबाई हसल्या.

संध्याकाळी फाटकाशी शेजारचे दत्तराव भेटले. "काय व्यंकटराव, वहिनी हिमालयात निघाल्या म्हणे! कॉलनीत सगळे त्यांचंच नाव घ्यायलेत. तुमी काय, इथं एकटे खिचडी खाणार?"

योगवर्गाची अर्पिता स्कूटी थांबवून म्हणाली, "काका, काकूंसारखं स्थिर बसणारं आमच्या वर्गात दुसरं कुणी नाही. परत येतील ना, तेव्हा बघा तुमी, वेगळ्याच होऊन येतील."

वेगळ्याच होऊन. हे शब्द व्यंकटरावांच्या डोक्यातून जाईनात. ती डोंगरातून तेजःपुंज होऊन येणार. बायका तिच्या पाया पडायला येणार. आणि आपण? आपण चहाचे कप आत-बाहेर करणार. जन्मभर हेडक्लार्क म्हणून मिरवलेल्या माणसाला लोक म्हणणार, हे सुमंगलाबाईंचे मिस्टर.

जेवताना त्यांनी घास खाली ठेवला. "तिथं मी जातो."

"कुठं?"

"डोंगरात. तुझ्या जागी. मला बीपी हाय, डॉक्टरांनी ध्यान करा म्हणून सांगितलंय. तुझे गुडघे चढ चढणार हायेत का?"

सुमंगलाबाईंच्या हातातला डाव आमटीत तसाच राहिला. "अहो, पण मी किती दिवसांपासून मनात धरलंय..."

"तू पुढच्या खेपेला जा."

त्यांचे डोळे भरून आले. त्या उठून आत गेल्या. व्यंकटरावांना क्षणभर वाईट वाटलं, पण कितीतरी दिवसांनी आमटी चवदार लागली.

थोड्या वेळानं सुमंगलाबाई पदरानं डोळे पुसत बाहेर आल्या. "केंद्रावर फोन केला. तुमी आलात तरी चालंल म्हणाले. तिकीटही नवऱ्याच्या नावावर करून मिळतं. उद्या करून आणते."

व्यंकटरावांनी स्वेटर अंगात घालून पाहिला. अगदी मापात बसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोरीच्या मेहुण्याला मुद्दाम फोन केला. दत्तरावांना गच्चीवरून ओरडून सांगितलं, "मीच चाललोय हो! तिला कुठलं झेपायलंय!"

निघायच्या दिवशी दोघं एसटीनं परभणीला आले. नांदेडहून अमृतसरला जाणारी गाडी फलाटाला लागली. सुमंगलाबाईंनी त्यांना खिडकीशी बसवलं, दशम्यांचा डबा आणि पाण्याची बाटली हाताशी ठेवली आणि वाकून नमस्कार केला. व्यंकटराव त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. जळजळ, निदान थोडी खंत.

"राग आलाय का?"

"कशाचा? नीट जा. तिथं फोन देऊन टाका आणि घराची काही काळजी करू नका."

लपवायलीये, व्यंकटराव मनात म्हणाले आणि सुखावले.

सुमंगलाबाई उतरल्या. गाडीनं भोंगा दिला. मागं एकटी उरलेली बायको एकदा डोळे भरून बघावी म्हणून व्यंकटरावांनी खिडकीच्या गजांना तोंड लावलं. खिडकीपाशी त्या नव्हत्या. पुढच्या डब्यांच्या दिशेनं, गर्दीतून वाट काढत, दुखऱ्या गुडघ्यांनी त्या जवळजवळ पळत होत्या.

गाडी हलली. हळूहळू तीही त्याच दिशेनं पुढं सरकली, तशी व्यंकटरावांची खिडकी सुमंगलाबाईंच्या अगदी हातभर अंतरावर आली. त्यांची पाठ गाडीकडं होती. कुंचीतलं एक इवलंसं बाळ त्यांनी छातीशी धरलं होतं, आणि समोर पायाशी बॅगा ठेवून उभी असलेली मैत्रेयी विचारत होती, "आई, बाबा बसले ना नक्की?"