पुडी रोज संपते

प्रथिनांमधल्या ल्युसिनने म्हातारपणी स्नायूंना बळ येतं का, याचा अभ्यास संशोधिका तीन महिने करत होती. बाकी सगळ्यांच्या पायांत जोर आला, शिंपीआजोबांचे पाय मात्र होते तसेच. तिला काही उमगेना.

"आजोबा, ल्युसिनची पुडी रोज घेता ना?"

"रोज संपते."

"संपते की घेता?"

आजोबांनी मान खाली घातली. "आमच्या हिला पलंगावरून उठवायला दोघं लागायची. तुम्ही अभ्यासात फक्त चालत्याफिरत्यांनाच घेत होतात. मग म्हटलं, माझी तिलाच देऊ."

म्हणजे आजोबांचे सगळे आकडे वाया! ती रागावणार, तोच दारातून दमलेला आवाज आला, "अहो, किती वेळ? तीन जिने चढून आले मी!"

आजोबांच्या नावावर काट मारताना संशोधिकेला हसू आवरेना.