शरयूचा खरा डाव

"बाबा, जिंकलात की! मग तोंड का पाडून बसलाय?" नंदूने विचारलं.

दाजिबांनी व्हिडिओ गेमचा रिमोट खाली ठेवला. शरयू मंगळावर पोचल्यानंतरचा हा खेळाचा पहिलाच रविवार. शेवटच्या खेळात, पडद्यावरच्या नदीतल्या ओंडक्यावर बापलेक दोघंच उरली होती आणि तिने मुकाट्याने बाजूला सरून त्यांना जिंकू दिलं होतं. घरात खेळाची किती मशीनं आली नि मोडली, पण बापाला पाण्यात ढकलल्याशिवाय ही पोर कधी उठली नव्हती. हरेल त्याने भांडी घासायची, हा घरचा नियमच होता.

"पाहुण्यासारखी वागायला लागली रे ती," दाजिबा पुटपुटले.

"अहो, ती शरयू नव्हतीच! तिथला डाव इथे पोचायला वीस मिनिटं लागतात. तोवर तिच्या जागी मशीन अंदाजाने खेळतं, खरा डाव आला की तोच धरतात. थांबा जरा."

दाजिबा पडद्यावरची नजर न हलवता बसून राहिले. अखेर खरा डाव आला. शरयूने सणसणीत लाथ घातली, पडद्यावरचे दाजिबा धपकन पाण्यात पडले आणि मागोमाग तिचा आवाज खणखणला, "बाबा, कढई खालूनही घासा हं!"

"माझीच पोरगी ती!" म्हणत दाजिबा बाह्या सारून मोरीकडे धावले.