सकाळपासून एकच आवाज

टण्ण.

पडद्यामागून पुन्हा तोच जाडसर आवाज आला आणि रांग एका पावलानं पुढे सरकली. तिदानं मनात आकडा धरला. त्र्याण्णव. शाळेचं दार उघडल्यापासून त्र्याण्णव गोट्या पडल्या होत्या आणि त्र्याण्णव वेळा घंटा एकाच आवाजात वाजली होती.

आत दोन पिंपं होती. लाल पिंप राष्ट्राध्यक्षांचं, पांढरं त्यांच्याविरुद्ध उभा राहिलेल्याचं. हव्या त्या पिंपाच्या नळीत गोटी सोडायची, आत घंटा वाजायची, मत झालं. अक्षरओळख नसलेल्यालाही जमावं म्हणून काढलेली सोपी रीत. घंटेवरून घोळ नको म्हणून त्या दिवशी शाळेच्या आसपास सायकलसुद्धा आणू देत नाहीत. एवढी काळजी घेणाऱ्यांच्या एकच गोष्ट ध्यानात आली नव्हती. दोन घंटा कधी सारख्या वाजत नाहीत. तिदाचा बाप बालाफोन हे वाद्य घडवायचा, त्याच्या लाकडी पट्ट्या तासून तासून सुरात आणायचा. तिला हे कुणी सांगायला नको होतं. पण मागच्या निवडणुकीपासून साऱ्या गावालाच ते कळून चुकलं होतं.

मागच्या वेळीही दिवसभर एकच आवाज आला. दुपारी एकदा, फक्त एकदा, निराळा आवाज झाला. तेव्हा पडद्याआड तिचा नवरा केमो होता. संध्याकाळी मोजणीत पांढऱ्या पिंपातून एकच गोटी निघाली. चौथ्या दिवशी बिननंबरची गाडी दारात उभी राहिली. पाच वर्षं झाली, केमो परतला नाही. आहे की नाही तेही कुणी सांगत नाही, आणि विचारायची सोय नाही.

आता राष्ट्राध्यक्ष पाचव्यांदा उभे होते. हा माणूस मेल्याशिवाय खुर्ची सोडायचा नाही, असं लोक चुलीपाशी कुजबुजायचे आणि बाहेर पडताना त्याचंच चित्र छापलेले सदरे घालायचे. तिदानंही तसलं कापड अंगावर घेतलं होतं. पण गोटी पांढऱ्या पिंपात टाकायची, हे तिनं केमोला नेलं त्याच दिवशी ठरवलं होतं. पाच वर्षं ती या एका दिवसाची वाट पाहत होती.

पिंपं दर खेपेला नवी येतात. कुठला आवाज कुणाचा, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. पण त्र्याण्णव वेळा एकच आवाज म्हटल्यावर तो कुणाचा, हे काय सांगायला हवं? दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या सांकुंगलाही तसंच वाटत होतं. तो राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचा माणूस; स्वतःचं मत त्यानं सगळ्यांत शेवटी द्यायचं ठेवलं होतं. मांडीवरच्या वहीत नावं टिपायचा आणि घंटा वाजली की खूश होऊन मान डोलवायचा.

"काय एका सुरात गातंय गाव!" तो तिदाला म्हणाला. "मागच्या खेपेला तुमच्याच घरानं बेसूर केलं. आज सांभाळून हं, वहिनी."

तिदानं समोर पाहिलं. तिला सांकुंगची नव्हे, समोरच्या आंब्याखालच्या माणसांची भीती वाटत होती. मत देऊन आलेला एकही जण घरी गेला नव्हता. म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, गावचा मुखियासुद्धा, सगळे जमिनीवर बसून दाराकडे टक लावून होते. शेगडीवरचा चहा आटून करपला तरी कुणी तो उतरवला नव्हता. कुणी बोलत नव्हतं. घंटा वाजली की सगळ्यांच्या माना एकदम किंचित हलायच्या, पुन्हा स्तब्ध. जन्मापासून पाहिलेले चेहरे, पण आज ओळखू येईनात. आता कोण चुकतो तेच ऐकायला ही माणसं बसली आहेत, असं तिच्या मनानं घेतलं.

तिच्या पुढे सिर्रा होती. शेजारीण. केमोला नेल्यावर महिनाभर तिच्याजवळ झोपायला येणारी, राष्ट्राध्यक्षांना तोंडभरून शिव्या घालणारी. सिर्रा आत गेली.

टण्ण.

तीसुद्धा! सिर्रा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. ती तिदाकडे पाहत थबकली, सांकुंगकडे नजर जाताच पुढे निघाली आणि आंब्याखाली जाऊन बसली. तिदाचं उरलंसुरलं अवसान गळालं.

अधिकाऱ्यानं तिच्या बोटाला शाई लावली आणि तळहातावर गोटी ठेवली. पडद्यामागे आल्यावर तिनं आधी पांढऱ्या पिंपावरच हात ठेवला. मग तिला जैनबा आठवली. सोळा वर्षांची लेक. बापामागून आईही गेली तर तिला कोण होतं? केमो, मला माफ कर, असं ती पुटपुटली आणि तिनं गोटी लाल पिंपात सोडली.

किण.

बारीक, काचेवर काच लागावी तसा आवाज. सकाळपासून एकदाही न आलेला.

 म्हणजे जाडसर घंटा पांढऱ्या पिंपातली होती. त्र्याण्णव आणि सिर्रा. सगळं गाव. जो तो भीत भीत आत आला होता, पांढऱ्यात गोटी टाकून तोच आवाज ऐकल्यावर त्याला कळलं होतं की आपल्या आधीचे सगळे आपल्यासारखेच. आणि तो आनंद गिळून ती माणसं झाडाखाली पुढची घंटा ऐकत बसली होती.

ती बाहेर आली. रांग थिजली होती. सांकुंग वही उघडून उभा होता. चोर सापडल्याचं समाधान त्याच्या तोंडावर मावत नव्हतं.

"कुणाच्या पिंपात टाकलीस?"

खरं सांगितलं असतं तर ती सुटली असती. आणि ती जाडसर घंटा कुणाची, हेही सांकुंगला तिथल्या तिथे कळलं असतं. पिंपं आत्ताच उचलून नेली असती, मोजणी झालीच नसती. चौऱ्याण्णव नावं त्याच्या वहीत होती. रांग अजून फाटकाबाहेरपर्यंत उभी होती. आंब्याखाली कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं.

"पांढऱ्या," तिदा मोठ्यानं म्हणाली. "लिही माझं नाव."