एका सालाची ट्यूब

खरं सांगते, अगदी खरं! यातला एक शब्द जरी खोटा निघाला तर माया जिभेले फोड येवो, आन् चुलीवरचा भात जन्मभर कच्चा राहो!

साकोलीच्या बाबुलालच्या दुकानात गिरजाबाई टीव्ही ठोकून पाहून राहिली होती. बाजारात मडकं घेतो ना, तसं. बोटाच्या पेरानं टक टक, आन् मंग कान लावाचा. दोन टीव्ही मांडले होते, दोन्ही काळेपांढरे. लहाना ठोकला. "हा पोकळ हाय," ती म्हने. मोठा ठोकला. "हा भरला हाय."

बाबुलाल हासला. "बाई, आतमधी काचेची ट्यूब रायते. मडकं नाही ते."

"मंग तर मडक्याच्या आधी फुटन!"

सत्त्याऐंशी साल असन. सानगडीवरून मायलेक सकाळच्या बसनं आले होते. गिरजाबाईले दम्याचा तरास. दहा पावलं चालली का भितीले हात लावून उभी राहे. आयतवारी सारा गाव गुरुजीच्या घरी टीव्ही पाहाले जाय, आन् ही एकटी बाजेवर. म्हनून तिचा लेक यादोराव साऱ्या गावाले सांगून निघाला होता, "मायसाठी टीव्ही आनतो. मायच पसंत करन." त्या बोलन्यानंच गिरजाबाई फुगली. ठेवनीतलं लुगडं नेसून आली.

बाबुलालनं दोन्ही चालू केले. लहाना स्वस्त होता. वजनाले हलका, एका हातानं उचला. लाइट गेली तरी बॅटरीवर चाले. आवाज असा का बाजूच्या आटाचक्कीतून मानूस ओरडला, "कमी करा ना बे!" पन त्याच्यातले मानसं गिरजाबाईले मुंग्यावानी दिसत. मोठा लाकडाच्या पेटीतला, सरकत्या दाराचा. त्याच्यात बातम्या देनाऱ्या बाईच्या नाकातला खडा दिसला. गिरजाबाईच्या डोळ्यात मोतीबिंदू. कितीक सालात तिले कोनाचं नाक धड दिसलं नव्हतं.

"हाच," ती म्हने. "याच्यात मानूस मानसावानी दिसते."

यादोरावनं दोन्हीचा भाव आयकला. "एवढा फरक कायचा, बाबुलालजी?"

"ट्यूबचा. लहान्याच्या ट्यूबची गॅरंटी एक साल, मोठ्याची पाच साल. ट्यूब गेली का टीव्ही गेला समजा."

यादोरावनं टीव्हीकडे नाही पाह्यलं. मायकडे पाह्यलं. पायापासून डोक्यापावतर, बैलबाजारात म्हातारा बैल पाहावा तसं. तिची छाती वरखाली होऊन राहिली होती. ते त्यानं चांगलं घडीभर पाह्यलं. मंग बाबुलालच्या कानाजवळ गेला.

"लहानाच बांधा. एक साल बस झालं. पाच साल कायले लागते?"

गिरजाबाईचे डोळे गेले होते. कान नाही.

तिनं मोठ्या टीव्हीचं दार आपल्या हातानं सरकवलं, बंद केलं. "हाव बाबुलालजी," ती म्हने, "लहानाच बांधा. मले पुरन."

यादोरावची मान खाली गेली. डोळ्यात टचकन पानी आलं.

घरी अँटेनासाठी एकाले एक असे तीन बांबू बांधले. एवढे उंच, का तलावावरचा बगळा दम घ्याले त्याच्यावर बसे. बगळा बसला का बातम्यावाली बाई खाली डोकं वर पाय. पुढं पुढं बगळ्यालेच सवय लागली. बरोबर सातच्या बातम्याले येऊन बसे, आन् संपल्या का उडे. सारा गाव आंगनात मावे नाही. बाया म्हनत, "नशीब काढलं वो गिरजाबाई! लेक असावा तर असा." गिरजाबाई "हाव" म्हने, आन् मुंग्या पाहत बसे.

साल सरलं. ट्यूब चालूच. गिरजाबाई बी चालूच. सुनेनं गॅरंटीचा कागद चुलीत टाकला, त्या दिवशी ती बाजेवर आंग चोरून बसली. पावनी म्हनून आली आन् जास्त दिवस राहिली, अशी. त्याच्यानंतर तिनं भात कधी दुसऱ्यांदा मागितला नाही.

आता तुम्ही म्हनान, बगळा खोटा. बगळा खरा हाय, बापा. तीन बांबू बी खरे. पदरचं म्हनाल तर मी एकच घातलं. यादोरावच्या डोळ्यात पानी नव्हतं आलं. तो तव्हा बाबुलालले इचारून राहिला होता, टीव्हीवर झाकाचा कपडा फुकट भेटते का.