औषधाचा तक्ता

"आजच उघडून बघावं लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्यांनी औषधाचा तक्ता टेबलावर सरळ केला. त्याच्या लेकीला ऑपरेशननंतर घरी नेल्याला सहा दिवस झाले होते. रोज चार वेळा औषध, म्हणजे चोवीस चौकोन, आणि चोविसांतही बरोबरची खूण. सकाळ-दुपारच्या खुणा बायकोच्या, ठसठशीत. संध्याकाळच्या आणि झोपतानाच्या त्याच्या, जरा तिरक्या.

ताप नव्हता. रक्त चांगलं होतं. एक्स-रेच्या फोटोत मांडीचं हाड बसवलं तसंच बसलेलं होतं. तरी नऊ वर्षांची ती पोर चाकाच्या खुर्चीचे कठडे दोन्ही हातांनी आवळून बसली होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. एवढं मॉर्फिन पोटात जाऊनही ती अशी कळवळते, त्याअर्थी आत काहीतरी चिघळतंय, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं. थांबलं तर पाय गमवायची वेळ यायची. पुन्हा भूल, पुन्हा चिरा, पुन्हा टाके. दोन वाजता थिएटर मोकळं होत होतं. त्यांनी संमतीचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

आता बोलायला हवं होतं.

चष्म्याच्या दुकानात तो काचा घासायचा. केसभर इकडचं तिकडे झालं तरी गिऱ्हाईकाचं डोकं धरतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि हाच माणूस रोज दोनदा औषध पिचकारीत बरोबर रेघेपर्यंत ओढायचा, अर्धं लेकीच्या तोंडात सोडायचा आणि अर्धं बेसिनमध्ये. मग तक्त्यावर खूण करायचा. मॉर्फिन म्हटलं की त्याला मोठा भाऊ दिसायचा. पाठदुखीवर म्हणून गोळ्या सुरू झाल्या, पाठ बरी झाली आणि गोळ्या राहिल्या. शेवटी भाऊ घरात असूनही घरातला उरला नव्हता. लेकीला घरी सोडताना डॉक्टरबाईंनी नीट समजावलं होतं. थोडेच दिवस द्यायचं, मोजून द्यायचं, त्याने सवय लागत नाही. त्याने मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं?

बायकोला सांगायची तर सोयच नव्हती. ती शिवणकाम करायची. मापाच्या वहीत लिहिलंय त्याच्या बाहेर एक टाका घालायची नाही. तिने घर डोक्यावर घेतलं असतं. त्यामुळे लेक रडायला लागली की तोही बायकोच्या सुरात सूर मिळवायचा. आत्ताच तर औषध दिलं, मग दुखेल कसं? बायको म्हणायची, लाड करून घेतेय. तो म्हणायचा, मनाचे खेळ असतात बाळा, दुसरीकडे लक्ष दे. तिसऱ्या दिवसापासून लेक मोठ्याने रडेनाशी झाली. त्याला वाटलं होतं, बघा, निम्म्यावर भागतंय की.

त्याने पेन उचललं. बायकोने त्याचं मनगट धरलं.

"थांबा," ती म्हणाली आणि डॉक्टरबाईंकडे वळली. "मी अर्धंच दिलंय. उरलेलं ओतून टाकत होते."

तो तिच्याकडे बघतच राहिला. ती खाली मान घालून बोलत होती. दिराचं सगळं तिने लग्न झाल्यापासून डोळ्यांनी बघितलं होतं. ह्यांना सांगितलं असतं तर हे म्हणाले असते, डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का.

डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं बोट तक्त्यावरून फिरवलं आणि त्याच्या तिरक्या खुणांपाशी आणून थांबवलं. सकाळ-दुपारचं कमी पडलं, हे समजलं. पण संध्याकाळी आणि झोपताना तर पूर्ण मात्रा होती. पोर तेव्हाही अशीच कळवळत असेल तर पाय उघडण्यावाचून इलाज नाही.

"तुम्ही पूर्ण देत होतात ना?" त्यांनी त्याला विचारलं.

बायकोने वर बघितलं. निदान एक जण तरी शहाणा निघावा, अशी आशा तिच्या डोळ्यांत होती. नुसती मान डोलावली असती तर तो सुटला असता. दोन वाजता लेक टेबलावर गेली असती.

"नाही," तो म्हणाला. "मीपण अर्धंच."

डॉक्टरबाईंनी संमतीचा कागद मागे ओढला. आजचं सकाळचं औषध अजून व्हायचं होतं. त्यांनी नर्सकडून सगळ्यांसमोर पूर्ण मात्रा द्यायला लावली. अर्धा तास बघू, उतार पडला नाही तर दोनला नेऊ, असं सांगून त्या तिथेच बसल्या. पिचकारी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी होताना दोघं आईबाप बघत उभे होते.

मग भिंतीवरच्या घड्याळाशिवाय काही हललं नाही.

"मला वाटलं, तुम्ही देताय," बायको पुटपुटली.

"मला वाटलं, तू."

वीस-बावीस मिनिटांनी लेकीचं एक बोट कठड्यावरून सुटलं. मग दुसरं. खांदे खाली आले. ओठांत रंग आला. डॉक्टरबाईंनी पाय चाचपला, हलवून पाहिला, पावलाची बोटं दाबून पाहिली. लेक हूं की चूं करेना. त्यांनी फोन उचलला आणि दोनची तयारी करू नका म्हणून सांगितलं.

तो खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला. काय बोलावं, कुठून सुरुवात करावी, हे जुळवत होता. तेवढ्यात लेकच बोलली, हळूच, विचारलं म्हणून कुणी रागावेल की काय अशा आवाजात.

"म्हणजे बाबा, मला खरंच दुखत होतं?"