तिसरी कडी

"मेंदूत लोह साठलंय, म्हणून विसरायला होतं," डॉक्टर म्हणाले तेव्हा ट्यूनिसचा म्हातारा लोहार हत्ताब खूशच झाला. "चाळीस वर्षं ठोकलं, जाईल कुठे?" आज मात्र माहेरी आलेल्या आमनालाच त्यानं विचारलं, "बाई, कुणाकडे आलात?" "रडतेस काय?" आई म्हणाली. "बाहेर जा, तुझी कडी वाजव." कोण आलंय ते आवाजावरून आत कळावं म्हणून दाराला त्यानंच घडवलेल्या, ठोठावायच्या तीन कड्या होत्या, पुरुषांची जड, बायकांची हलकी, आणि गुडघ्यापाशी छोट्या आमनाची. पन्नाशीची आमना बाहेर जाऊन वाकली. बारीक किणकिण अंगणभर तरंगली. हत्ताबचा चेहरा उजळला. "अगं, दार उघड! आमना शाळेतून आली, भुकेली असेल." दार उघडलं. त्यानं आत आलेल्या बाईकडे पाहिलं, मग तिच्या मागे. "बाई, जरा बाजूला होता का? लेक दारात उभी आहे माझी." आमना बाजूला झाली आणि तीही दाराकडे बघत राहिली.