अगंतुगं

"अहो सिस्टर, तुम्ही केक घ्या ना," आई म्हणाली. मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

सकाळी वेदीपुढे मी व्रतं घेतली आणि मदरांनी माझ्या डोक्यावर शिरोवस्त्र चढवलं. आता कॉन्व्हेंटच्या अंगणात वसईची माणसं मला भेटत होती. आत्याने आईला बसमध्येच बजावलं होतं म्हणे, "आता ती देवाची झाली. तिला अगंतुगं करायचं नाही." आई ते मनापासून पाळत होती. वाडीतली केळीसुद्धा तिने मला दोन्ही हातांनी दिली, फादरांना देतात तशी.

त्यांची निघायची वेळ झाली. पाणी आणायच्या निमित्ताने मी आत गेले आणि शिरोवस्त्राची पिन काढून खिशात टाकली.

बाहेर येताच आई ओरडली, "अगं ए धांदरटे! पहिल्याच दिवशी हा अवतार? इकडे ये." पदराची पिन काढून ती माझ्या डोक्याशी झटू लागली. "हलू नकोस. सरळ उभी राहा बघू!"

लहानपणी वेणी घालताना मी कधी सरळ उभी राहिले नव्हते. पण सकाळीच आज्ञापालनाचं व्रत घेतलं होतं.

मी जराही हलले नाही.